बाभळीच्या घरी दिलेली वेल

सोलापुरात धोंडप्पाला ओळखणारी माणसं दोन प्रकारची होती. एक, ज्यांची लग्नं त्यानं जुळवली होती. आणि दोन, ज्यांची लग्नं त्यानं जुळवली होती आणि जी आता त्याला शोधत होती. दुसऱ्या प्रकारातलं कुणी नव्या पेठेत समोरून येताना दिसलं, की धोंडप्पा जवळच्या दुकानात शिरून साबणाचे भाव विचारायला लागे.

हा गडी मूळचा वळसंगचा. घरात कानडी, बाजारात मराठी आणि सोयरिकीच्या बैठकीत दोन्ही. अवघड प्रश्न मराठीत आला की उत्तर कानडीत द्यायचं, ही त्याची जुनी युक्ती. १९७५ साली त्यानं पन्नाशी गाठली तेव्हा एकशे त्रेचाळीस लग्नं त्याच्या नावावर होती. नवरामुलगा तोतरा असला तर तो 'विचार करून बोलतो' असं सांगे. नवरी तापट असली तर 'घरावर तिचं बारीक लक्ष असतं' म्हणे. कुणी तोंडावर खोटं काढलंच, तर कानडी म्हण तयार असायची: साविर सुळ्ळु हेळी ओंदु मदुवे माडु. हजार खोटं बोलावं, पण एक लग्न करून द्यावं.

पोटापाण्यासाठी मात्र तो एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा शिपाई होता. 'मी बॉटनीत असतो' एवढंच तो बाहेर सांगे. त्यामुळं निम्म्या तालुक्यात लोक त्याला सर म्हणत, आणि त्यांचं मन मोडावं असं धोंडप्पाला कधी वाटलं नाही.

विभागात त्याच्या ताब्यात चार कपाटं होती. त्यांत दाबून वाळवलेली झाडंझुडपं, एकेका जाड कागदावर दोऱ्यानं टाचून ठेवलेली. असे तीन हजार कागद. विभागातल्या प्राध्यापक विजयमालाबाई त्यांना शीट म्हणत, म्हणून तोही म्हणे. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात लेबल: झाडाचं नाव काय, सापडलं कुठं, कधी, कुणाला. शीटं जायची फोल्डरमध्ये, आणि फोल्डर लागायचे कुळाप्रमाणं. डांबरगोळ्या बदलणं, धूळ झटकणं, मागितलं ते शीट काढून देणं, हे धोंडप्पाचं काम.

झाडांना नाव द्यायची रीत ऐकून पोरं जांभया देत, पण धोंडप्पाला ती पहिल्याच दिवशी पटली होती. दोनशे वर्षांपूर्वी एका परदेशी पंडितानं ठरवून टाकलं की जगातल्या प्रत्येक जिवाला दोन नावं, आधी घराण्याचं आणि मग त्याचं स्वतःचं. यात नवल काय? वळसंगच्या शाळेत हजेरी अशीच घेत. बाभूळ म्हणजे अकेशिया घराण्यातली निलोटिका, खैर म्हणजे अकेशिया घराण्यातला कटेचू. दोघं चुलत भाऊ, काटे बघूनच कळतं. नावाच्या शेपटीला ज्यानं नाव ठेवलं त्याचंही नाव जोडतात, हे तर त्याला फारच आवडलं. बारशाला आत्यानं बाळाचं नाव ठेवावं, आणि पुढं जन्मभर बाळाच्या नावामागं आत्याचंही नाव लिहिलं जावं, असा हा मान होता.

एक नियम मात्र घरी सांगून तो पस्तावला. एकाच झाडाला दोघांनी दोन नावं ठेवली, तर आधी छापलेलं नाव खरं आणि नंतरचं रद्द. हे त्यानं बायकोला, दानम्माला, कौतुकानं सांगितलं. दानम्मा माहेरची सुंदरम्मा. लग्नात सासूनं तिचं नाव बदललं होतं आणि तिला ते कधी रुचलं नव्हतं. नियम ऐकून ती म्हणाली की शास्त्रच असं सांगत असेल तर आजपासून मला सुंदरम्मा म्हणा. धोंडप्पानं ताबडतोब विषय बदलून जेवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती विचारी, तुमच्या बाईंच्या शास्त्रात नियम बदलला का? आणि तो म्हणे, विचारून सांगतो.

आता त्याच्या हातून झालेली गोष्ट सांगायला हवी. कपाट लावताना त्यानं स्वतःची एक रीत पाळली होती. कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती. लेबलवर एखादी वेल 'लिंबावर चढलेली' असं लिहिलेलं असलं, तर धोंडप्पा ती वेल लिंबाच्या फोल्डरमध्ये ठेवी. बोरीवरची बोरीत, आंब्यावरचं बांडगूळ आंब्यात. एकशे त्रेचाळीस लग्नं जुळवलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नाही. जिनं त्याच्या अंगाखांद्यावर संसार थाटला ती त्याच्या घरची झाली. दिल्या घरच्या लेकीला माहेरच्या फोल्डरमध्ये डांबून ठेवणं त्याच्या मनाला बरं वाटेना.

विभागात विजयमालाबाई नव्यानं आल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या आणि अविवाहित होत्या. धोंडप्पाला हे आपल्या नावाला लागलेलं लांच्छन वाटे. चार वर्षांत त्यानं सात स्थळं आणली, बाईंनी सातही हसून परत पाठवली. तरी दोघांचं जमे. मुलगी कशी बघायची ही विद्या त्यानं बाईंना फुकट शिकवली होती: लुगडं बघायचं नाही, चेहरा बघायचा नाही, कानाची पाळी बघायची, कारण पावडर तिथवर पोचत नाही. बाई हेच वर्गात सांगत. पानं म्हणजे कपडे, पाऊस पडेल तसे बदलतात. झाड ओळखायचं ते फुलावरून.

बाई मोडनिंबच्या. वडील लहानपणीच गेले, आई सोजरबाईंनी लोकांच्या रानात खुरपून लेकीला एम.एस्सी. केलं. बहात्तरच्या दुष्काळात बाईंना वळसंगच्या एका बांधावर बाभळीवर चढलेली एक बारीक वेल सापडली. रुईच्या कुळातली, पानं सुतासारखी, फूल छोट्या कंदिलासारखं, आणि कंदिलाच्या आत जांभळा ठिपका. पुढच्या वर्षी तो बांध दुष्काळी कामाच्या तळ्यात गेला आणि वेल पुन्हा दिसली नाही. बाईंनी पुस्तकं पालथी घातली. जवळ जाणारं एक नाव होतं, शंभर वर्षांपूर्वी कुण्या साहेबानं दिलेलं, पण त्याच्या वर्णनात पानं दोन बोटं रुंद. कपाटातली रुईच्या कुळातली सगळी शीटं तीनदा तपासली. धोंडप्पानंच ती काढून दिली. कुठंच जुळेना. तीन वर्षांच्या खटपटीनंतर बाईंनी ठरवलं की ही वेल जगाला नवी आहे. स्वतःचं नाव स्वतः ठेवलेल्या झाडाला द्यायचं नाही, असा या लोकांचा शिष्टाचार. बाईंना तरी स्वतःचं कुठं द्यायचं होतं? वेलीचं नाव सोजरबाईंवरून ठेवायचं ठरलं. लेख टाइप होऊन आला, सोमवारी पोस्टात पडायचा होता. ज्या बाईला अंगठ्याशिवाय सही येत नाही तिचं नाव आता जगातल्या सगळ्या ग्रंथालयांत जाणार, असं बाई एकदा चहा पिता पिता म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड करून बसल्या. धोंडप्पाला तेव्हा भरून आलं होतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, तो बाभळीच्या फोल्डरमध्ये डांबरगोळ्या टाकत होता. वरचं शीट सरकलं आणि खालून एक वेल निघाली. १९६४ सालची. लेबलवर बाईंच्या आधीच्या सरांचं अक्षर: वळसंग, बाभळीवर. त्यालाच बाभळीवर चढवून सरांनी ती काढवली होती. दोन वर्षांनी पुण्याहून आलेल्या एका जाणकारानं शीटवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती, आणि 'जागच्या जागी ठेव' असं सांगितल्यावर धोंडप्पानं ती बाभळीच्या घरी नांदायला पाठवली होती.

त्यानं बाईंचं भिंग आणलं. वाळकं फूल, कंदिलासारखं. आत ठिपका. तीन वर्षं बाईंच्या टेबलावर चहा ठेवताना त्यानं हे फूल निदान शंभरदा चितारलेलं पाहिलं होतं. चिठ्ठीवरचं नाव त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं. ते साहेबानं ठेवलेलं नाव होतं.

धोंडप्पानं फोल्डर मिटला, कपाट लावलं आणि जन्मात पहिल्यांदा कपाटाला कुलूप घातलं.

घरी त्यानं दानम्माला सगळं सांगितलं, आणि वर आपली तोडही सांगितली. शीट काय, वाळवी खाऊ शकते. उंदीर नेऊ शकतात. बाईंचा लेख छापून येईल, म्हातारीचं नाव होईल, कुणाचं काय बिघडलं? हजार खोटं बोलावं, एक लग्न करून द्यावं.

दानम्मा तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "आणि चन्नम्मा?"

चन्नम्मा ही त्यानं जुळवलेल्या तिसऱ्या लग्नातली नवरी. नवऱ्याची पहिली बायको हयात होती, माहेरी गेली होती, आणि धोंडप्पाला ते ठाऊक होतं. त्यानं सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पहिली परत आली. चन्नम्मा अजून अक्कलकोटात त्याच घरात होती. पाहुणा आला तर तिची ओळख कुणी करून देत नसे. धोंडप्पा अक्कलकोटला गेला की त्या गल्लीला वळसा घालून जाई. त्याच्या हजार खोट्यांत हे बसत नव्हतं, आणि हे माहीत असणारं दानम्माखेरीज कुणी नव्हतं.

मग त्याला बाईंनी पोरांना सांगितलेलं आठवलं. रद्द झालेलं नाव पुसलं जात नाही. ते कायमचं पुस्तकात राहतं, खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात. पुढं येणारा प्रत्येक जण ते वाचतो आणि कुणाची चूक झाली तेही वाचतो. अशाच वेलीची दुसरी शीटं कुठल्या ना कुठल्या मोठ्या शहरात असणारच. आज ना उद्या कुणीतरी ती शेजारी ठेवील. आणि मग सोजरबाई जगातल्या सगळ्या ग्रंथालयांत साहेबाच्या नावाखाली चन्नम्मासारखी बसून राहील. या विचारानं त्याला जेवण गेलं नाही. भाकरीला नावं ठेवायचंही त्याला सुचलं नाही, त्यावरून दानम्मानं काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीट घेऊन बाईंच्या टेबलापाशी उभा राहिला. "बाई, एक सोयरीक मोडाया आलोय," तो म्हणाला.

"माझी असेल तर खुशाल मोडा," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"वेलीची. ही पोरगी आदीच दिल्याली हाय, बाई. बाभळीच्या घरात. मीच दिली, सहासष्ट साली."

त्यानं शीट पुढं ठेवलं. बाईंनी आधी ते नुसतं पाहिलं, मग भिंग घेतलं, मग आपलं शीट शेजारी आणलं. अर्धा तास त्या दोन्ही शीटांवरून भिंग फिरवत राहिल्या. चौसष्टची वेल बुंध्यापासून शेंड्यापर्यंत होती. खालची पानं पावसात फुटलेली, दोन बोटं रुंद. वरची पावसानं ओढ दिल्यावर फुटलेली, सुतासारखी. एकाच वेलीवर दोन्ही. बाईंच्या हाती होती ती दुष्काळातली वेल, तिनं रुंद पानं काढायचं धाडसच केलं नव्हतं.

"कपडे बघून ओळखायला गेले मी," बाई म्हणाल्या. "वर्गात सांगते एक आणि करते एक."

मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली. रुईच्या कुळातली वेल बाभळीच्या फोल्डरमध्ये गेलीच कशी, असं त्यांनी विचारलं. धोंडप्पानं आपली रीत सांगितली. अशा आणखी किती लेकी दिल्यात, असं बाईंनी विचारलं. त्यानं मनात मोजून चौतीस असं सांगितलं. बाई उठल्या. इतका आवाज चढलेला त्यानं त्यांचा कधी ऐकला नव्हता. तीन वर्षं, धोंडप्पा, तीन वर्षं मी शोधत होते आणि तुम्ही रोज त्याच कपाटाला पाठ टेकून तंबाखू मळत होता, असं बरंच काही बोलल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. प्रत्येक शब्द वाजवी होता, आणि वाजवी शिव्या खाण्याची त्याला सवय नव्हती. बोलून झाल्यावर बाई खाली बसल्या, टाइप केलेला लेख त्यांनी खणात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आईला सांगून बसलेय मी. आता तिला काय सांगू?"

"तुमी न्हाई सांगायचं. ज्यानं मोडली त्यानं जायाचं, अशी रीत हाय," धोंडप्पा म्हणाला.

रविवारी नारळ घेऊन तो एस.टी.नं मोडनिंबला गेला. सोजरबाई एका भुईमुगाच्या रानात खुरपत बसल्या होत्या. लेक प्राध्यापक झाली तरी रिकामा हात दुखतो म्हणून त्या रानात जातच असत. धोंडप्पानं बांधावर बसून नेहमीच्या पद्धतीनं लांबून सुरुवात केली: पाऊसपाणी, बाईंची हुशारी, देवाची मर्जी. म्हातारी खुरपत पुढं सरकत राहिली, आणि तिच्याबरोबर बांधावरून सरकता सरकता धोंडप्पाचं धोतर मातीनं भरलं. शेवटी घ्यायला वळण उरलं नाही तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं.

"म्हंजी त्या वेलाला माजं नाव लागत न्हाय व्हय?"

"न्हाय लागत. चूक माजी हाय."

"बरं झालं की," सोजरबाई म्हणाल्या. "जलमभर खुरपत आले. उद्या ती हितं उगवली तर माज्याच हातानं मला उपटायची पाळी."

धोंडप्पाला हसावं की नाही कळेना. इतकी वर्षं तो लोकांना गुंडाळत आला होता, पण त्याला कुणी असं दोन वाक्यांत मोकळं केलं नव्हतं. म्हातारी चार हात पुढं गेली आणि तिनं विचारलं, पोरगी रडली का? थोडी, तो म्हणाला. तेव्हा मात्र खुरपं थांबलं. तिनं ओल्या शेंगांचे दोन डहाळे उपटले, माती झटकली आणि त्याच्या हातात दिले.

"तिला दे. म्हणावं, दुसरं हुडक. तण काय संपतंय व्हय कदी?"

सोमवारी लेख पोस्टात पडला नाही. बाईंनी शेंगा खाल्ल्या, आईचा निरोप दोनदा सांगायला लावला, आणि दुसऱ्या वेळी हसल्या. मग कपाटं उघडली. पुढचे पंधरा दिवस धोंडप्पा मुऱ्हाळी झाला होता. सासरी दिलेल्या चौतीस लेकी एकेक करून त्यानं माहेरी आणल्या. लिंबाच्या घरची गुळवेल परतली, बोरीच्या घरची कावळी परतली. आंब्याच्या फोल्डरमधून बांडगूळ काढताना तो म्हणाला की हिला धाडायची आंब्यालाच जास्त घाई असंल. प्रत्येकीच्या जागी त्यानं एक चिठ्ठी ठेवली, कोण कुठं गेलं ते लिहून. उद्या सासरचं कुणी विचारलं तर असावं म्हणून. बाईंनी ती ठेवू दिली.

चौसष्टच्या वेलीचं शीट सगळ्यांत शेवटी उरलं. ते रुईच्या कुळात गेलं, आणि बाईंचं बहात्तरचं शीट तेवढं बिननावाचं राहिलं. या लोकांची आणखी एक रीत होती. पाहून नक्की झालं की ओळखणारा शीटवर एक छोटी चिठ्ठी चिकटवतो: नाव, आपली सही, तारीख. आधीच्याची चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी आपली लावतात. बाईंनी बहात्तरचं आपलं शीट घेतलं आणि चिठ्ठीवर वेलीचं खरं नाव लिहिलं, साहेबानं ठेवलेलं. खाली एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्याकडं फिरवला.

'ओळख पटवली: बिराजदार धोंडप्पा, वळसंग. सप्टेंबर १९७५.'

आडनाव आधी लिहिलं होतं, झाडांचं लिहितात तसं.

धोंडप्पानं ते वाचलं. ही चिठ्ठी किती वर्षं राहील, असं त्यानं विचारलं. वाळवी लागली नाही तर दोनशे, बाई म्हणाल्या. एकशे त्रेचाळीस लग्नांत त्याचं नाव एकाही पत्रिकेवर छापलं गेलं नव्हतं. मध्यस्थाचं छापत नाहीत. त्यानं डिंकाची बाटली आणली, चिठ्ठी स्वतः लावली आणि वाळेपर्यंत तिच्यावर अंगठा दाबून उभा राहिला. त्या भरात एक आठवं स्थळ त्यानं बाईंना सांगितलं, पण या वेळी मुलाला दमा आहे, आई भांडखोर आहे आणि घर भाड्याचं आहे हे आधी सांगितलं. बाई पोट धरून हसल्या आणि नाही म्हणाल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दानम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तो दारातच थांबला, टोपी काढली, आणि घसा साफ करून म्हणाला, "सुंदरम्मा."

तिनं मागं बघितलं नाही. शेजारच्या कुणाला तरी हाक मारली असावी असं तिला वाटलं. त्यानं पुन्हा मारली. मग तिचा हात थांबला. भाकरीची कड करपायला लागली तरी ती तशीच बसून राहिली, आणि पदराच्या टोकानं तिनं डोळे पुसले. धूर होता, हे खरं.

"तीस वर्सं लागली व्हय," ती म्हणाली, "कपाट उघडाया?"

आणि तिनं भाकरी उलटली.